थेंबताईंची तीन बोटं

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. डोळ्यांच्या वॉर्डात त्यांना सगळे थेंबताई म्हणत. डॉक्टरीणबाई म्हणत, झाडूवाला म्हणे, आणि एकदा तर हॉस्पिटलचे मोठे साहेब पाहुण्यांना वॉर्ड दाखवायला आले तेव्हा तेही "या आमच्या थेंबताई" म्हणून मोकळे झाले. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. एकतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकल्यावर बाईला दुसरं काय नाव पडणार?

बाई ठेंगणी, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. डोळ्याला हात लावणाऱ्या पेशंटच्या हातावर त्या सरळ चापट मारत. वय बघत नसत, हुद्दा तर नाहीच नाही. एका निवृत्त न्यायाधीशांनी ती चापट खाल्ली होती आणि पुढचे आठ दिवस ते दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचे. पण थेंब टाकायची वेळ आली की याच बाईचा हात असा काही हलका होई की बघणाऱ्यानं बघत राहावं. खालची पापणी एका बोटानं जराशी ओढली, थेंब सोडला, पापणी सोडली. "ताई, सांगून टाका हं," असं पेशंट म्हणेपर्यंत काम उरकलेलं असे.

रोज सकाळी थेंबांच्या फेरीतच नजरही तपासायची असे. ज्याचा डोळा जखमी, त्याला अक्षरांचा तक्ता कुठला दिसायला? मग पलंगापासून दोन पावलांवर उभं राहायचं, दुसरा डोळा तळव्यानं झाकायला सांगायचा, बोटं वर करायची आणि विचारायचं, "किती?" बोटं मोजता आली तर उत्तम. नाही आली तर हात हलवून बघायचा. तोही दिसला नाही तर बॅटरीचा उजेड. जे कळेल ते पलंगाला टांगलेल्या कागदावर लिहायचं. डाव्या हातात कापसाची वाटी आणि उजव्या हातात थेंबांची बाटली, अंगठ्यानं आणि करंगळीनं तळहाताशी दाबून धरलेली, असं ताईंचं सगळं सामान हातातच असे. उरलेली बोटं त्या वर करत.

एवढ्या वर्षांत ताईंनी काय काय पाहिलं नव्हतं? वेल्डिंगच्या ठिणग्या, फटाक्याची दारू, बॅटरीतलं ॲसिड, तान्ह्या बाळाची नखं, भांडणात लागलेली कोपरं. या सगळ्याची त्यांना सवय झाली होती. एका गोष्टीची मात्र काही केल्या होईना.

वॉर्डाच्या टोकाला एक खोली होती, काळ्या पडद्यांची. तिथं पेशंटच्या डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि निळा उजेड लावायचा. डोळ्याच्या समोरच्या काचेवर जिथं जखम असेल तेवढीच जागा हिरवी चमकते. सकाळी पाहावं तर हिरवा डाग चांगला मोठा. दुसऱ्या दिवशी पाहावं तर अर्धा. तिसऱ्या दिवशी नाहीच. कुणी शिवलं नाही, कुणी चिकटवलं नाही. ताई पहिल्यांदा ते पाहून बाहेर आल्या होत्या तेव्हा विशीत होत्या आणि त्यांना रडू आलं होतं. आता निवृत्तीला चार महिने उरले होते, तरी निळा उजेड लावला की त्यांचा श्वास आपोआप थांबायचा.

"कडेच्या पेशी सरकतात ताई," डॉक्टरीणबाईंनी एकदा समजावलं होतं. "चहूबाजूंनी सरकत येतात आणि मध्ये एकमेकींना मिळतात."

"ते मला माहीत आहे हो," ताई म्हणाल्या. "पण त्यांना सांगतं कोण, की निघा म्हणून?"

"ते मलाही माहीत नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. इतकं शिकलेली बाई, पण तिलाही ते माहीत नाही, याचं ताईंना बरंच वाटलं.

गवंडी आला तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत. दोघा सोबत्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून आणलं होतं. चेहरा पांढराफटक, तो भीतीनं की चुन्यानं ते कळेना. पिंपात चुना भिजवताना उकळी फुटली होती आणि शिंतोडा थेट उजव्या डोळ्यात गेला होता.

"डावा ठीक आहे ना?" ताईंनी त्याला आडवं करता करता विचारलं.

"डावा लहानपणीच गेला. काडी लागली होती," गवंडी दात आवळून म्हणाला. "हा एकच आहे."

ताईंनी सलाइनची नळी सोडली आणि धार थेट डोळ्यावर धरली. चुन्याचं हेच वाईट. ॲसिड जाळून थांबतं, चुना आत उतरत राहतो. एक बाटली संपली, दुसरी संपली, तिसरी लावली. मध्ये मध्ये पापणीच्या कडेला कागदाची पट्टी लावून बघायची, चुना असेतो ती निळी पडते. गवंडी पलंगाची कड धरून पडला होता. तास झाला. धुणं एवढा वेळ चालतं की माणूस घाबरायचंही विसरतो, म्हणून ताई बोलत राहिल्या. काम काय करता? घरी कोण? भिंत सरळ आहे हे कसं कळतं?

"ओळंब्याची दोरी सोडायची आणि एक डोळा मिटून बघायचं," तो म्हणाला. मग एवढ्या वेदनेतही त्याला आपली रोजची थट्टा आठवली. "बाकीच्यांना एक डोळा मिटावा लागतो. माझे तेवढे कष्ट वाचतात."

ताई हसल्या आणि त्याच क्षणी हा माणूस त्यांना जिवाभावाचा वाटायला लागला.

आता पापणीच्या घडीची गोष्ट. वरची पापणी उलटली की आतली लाल बाजू दिसते, ती सगळेच बघतात. पण तिच्याही वर, खोल, आणखी एक घडी असते. पापणी दुमडून पुन्हा दुमडली तरच ती दिसते. नव्या नर्सेसना ताई पहिल्याच दिवशी बजावत, "चोर दुसऱ्या घडीत लपतो." त्या दिवशी पापणी टमाट्यासारखी सुजली होती. पहिल्या घडीतून चुन्याचे चार कण निघाले. दुसरी उलटेना. गवंडी कळवळला. पट्टीही निळी पडत नव्हती. ताईंनी मनात म्हटलं, उद्या सूज उतरली की बघू.

डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर ताईंना बाजूला घेतलं. "डोळ्याच्या काचेच्या कडेला खालच्या बाजूनं थोडा भाग जिवंत आहे. पेशी तिथूनच निघणार. आठ-दहा दिवसांत तो भाग टिकला तर नजर येईल. तोही गेला तर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी बोटं वर केली. "किती?"

गवंडी जरा घुटमळला. "तीन."

ताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी कागदावर लिहिलं. दुपारी चारला गवंड्याची बायको आली. ती कपड्यांना काज-बटणं करायच्या कारखान्यात होती आणि सुटल्या सुटल्या तशीच धावत यायची. दारातूनच तिनं विचारलं, "किती?"

"तीन," गवंडी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशीही तीन. निळ्या उजेडात मात्र हिरवा डाग हलायचं नाव घेत नव्हता, उलट वरच्या बाजूला पसरल्यासारखा वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण नजर टिकून आहे ना? मग थांबू." ताईंनाही वाटलं, ज्याला दिसतंय त्याच्या पापणीशी कशाला झटापट करा? दुसरी घडी तशीच राहिली.

पाचव्या दिवशी नेहमीच्या बाटल्या संपल्या आणि भांडारातून थेंबांची मोठी, जाडजूड बाटली आली. ती ताईंच्या तळव्यात काही मावेना. "हिला काय दूध पाजायचंय का डोळ्याला?" असं म्हणत त्यांनी ती ट्रॉलीवर ठेवली आणि रिकाम्या हाताची चार बोटं वर केली.

"किती?"

"तीन," गवंडी म्हणाला.

एका बोटाचा फरक पडतोच. ताईंनी पूर्ण पंजा पसरला. "आता?"

"तीन."

ताईंनी हात खाली घेतला, पाठीमागं नेला आणि तसाच लपवून धरला. "आणि आता?"

गवंड्याला त्यांच्या आवाजात काहीतरी जाणवलं असावं. पण माघार घ्यायलाही त्याच्याकडं दुसरा आकडा नव्हता. "तीनच की," तो म्हणाला.

शेजारच्या पलंगावरचे मास्तर, डोळ्यात फांदी लागून तीन आठवडे मुक्काम ठोकलेले, उठून बसले. शाळेतून निवृत्त झाले तरी दुसऱ्याच्या उत्तराची जबाबदारी त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

"ताई, त्याचा दोष नाही," मास्तर म्हणाले. "मीच सांगितलं त्याला. मलाही आधीच्यानं सांगितलं होतं. नवीन माणूस आला की आम्ही त्याला सगळं सांगतो. जादा उशी कुठं मिळते, गरम पाणी किती वाजता येतं, आणि थेंबताईंची बोटं नेहमी तीन."

ताईंनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. अंगठा आणि करंगळी बाटली नसतानाही नकळत पुन्हा तळव्याशी चिकटली होती. वर तीन बोटं उभी होती. एकतीस वर्षं ती तशीच वर येत होती आणि एकतीस वर्षं हे आख्ख्या वॉर्डाला माहीत होतं, एक त्यांनाच सोडून.

त्यांना संताप आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. त्या गवंड्याच्या पलंगाच्या कडेला बसल्या. "खरं सांग. काय दिसतं?"

"पांढरं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी हात दिसला होता थोडा. परवापासून नुसतं पांढरं."

"आणि गप्प बसलास?"

"ती चारला येते ताई. दारातूनच विचारते. तीन म्हटलं की तिची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज येतो. पहिल्या दिवशी मी बोललोच नव्हतो, तेव्हा ती जाईपर्यंत पिशवी हातातच धरून उभी होती."

ताईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावणं पाठवलं, आणि त्या येईपर्यंत डोळा बधिर करायचे थेंब टाकून ठेवले. त्या मोठ्या बाटलीचा त्यांना एकदम आदर वाटायला लागला होता.

"दुसरी घडी राहिलीय," ताईंनी डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं. "पहिल्या दिवशी उलटली नाही आणि मग मी उलटली नाही. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी उचलली. "मीही थांबलेच की. चला, उजेड मी धरते. उलटा तुम्हीच, तुमचा हात हलका आहे."

सूज उतरली होती. ताईंनी पापणी दुमडली, चिमट्यावर घेतली आणि श्वास रोखून पुन्हा दुमडली. अगदी वरच्या कोपऱ्यात, लाल घडीच्या तळाशी, एक पांढरा कण बसला होता. खसखशीच्या दाण्याएवढा. ओल्या कापसानं त्यांनी तो टिपला आणि पट्टी लावली. पट्टी निळीशार झाली. पाच दिवस, चार रात्री तो एवढासा दाणा तिथं बसून झिरपत होता आणि इकडं कागदावर तीन, तीन, तीन लिहून होत होतं. त्यांनी पुन्हा सलाइनची धार लावली आणि पट्टी निळी पडायची थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही बराच वेळ, सोडली नाही.

चारला बायको आली. "किती?"

गवंड्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "एकही नाही. कालही दिसली नव्हती."

पिशवीचा आवाज आला नाही. बाई पलंगाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना म्हणून मास्तरांनी भिंतीकडं कूस वळवली. "माझ्याशी खोटं बोललास?" ती म्हणाली. "मी काय तपासायला येते का? मी तुला बघायला येते." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "आता रोज खरं सांगायचं. वाईट असलं तरी."

संध्याकाळी ताई घरी गेल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. त्यांचे यजमान बस चालवायचे, आता घरीच असत आणि स्वयंपाकघरात लुडबुड करत. त्यांना सगळं सांगून ताई म्हणाल्या, "एकतीस वर्षं लोक मला फसवत होते. किती जणांना मी दिसतंय म्हणून घरी धाडलं असेल?"

"मी पस्तीस वर्षं भाजी छान झाली म्हणतोय," यजमान म्हणाले. "ते कुठं तपासलंस?"

ताईंनी डोळे वटारले, आणि मग न राहवून त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू. यजमान बसले शेजारी. "मागचं आता कळायचं नाही. तो एक जण समोर आहे ना? त्याचं बघ," ते म्हणाले. मग स्वतःच उठून त्यांनी बायकोच्या चपला दारात नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी बाटली खिशात टाकली. कुणाला एक बोट, कुणाला चार, कुणाला डाव्या हाताची दोन. वॉर्डाची पंचाईत झाली. मास्तरांनी स्वतःची परीक्षा पहिल्या झटक्यात पास केली आणि शेजाऱ्याच्या काळजीनं हैराण झाले. गवंड्याचं उत्तर ठरलेलं होतं: "दिसत नाही." सहाव्या दिवशी दिसत नाही. सातव्या दिवशी दिसत नाही. ताई तसंच लिहीत. तासातासाला थेंब टाकत, काचेची बारीक कांडी पापणीखालून फिरवून पापणी डोळ्याला चिकटू देत नसत. चारला बायको येई, खरं ऐके आणि पिशवी हातात धरून बसे.

आठव्या दिवशी काळ्या पडद्यांच्या खोलीत ताईंनी निळा उजेड लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. हिरव्या डागाची खालची कड काल सरळ होती. आज ती आत वाकली होती. त्या जेमतेम जिवंत राहिलेल्या कडेवरून पेशी निघाल्या होत्या. पाच दिवस चुन्यात जळून, कुणी हाक न मारता, कुठं जायचं ते कुणी न सांगता निघाल्या होत्या. ताईंना वाटलं, आपण मोठ्यानं बोललो तर त्या थबकतील. त्यांनी डॉक्टरीणबाईंना नुसती खूण केली. दोघी बायका त्या अंधाऱ्या खोलीत एका गवंड्याच्या डोळ्यापुढं हात जोडल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"काय झालं?" गवंडी घाबरून म्हणाला.

"निघाल्या," ताई हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"तू गप्प पड. हलू नकोस."

नवव्या दिवशी डाग अर्धा झाला. दहाव्या दिवशी तिळाएवढा उरला. गवंड्याला हात हलताना दिसला, बोटं नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी ताई दोन पावलांवर उभ्या राहिल्या. कोणती बोटं दाखवायची हे त्यांनी ठरवलं होतं, पण ऐन वेळी मनात आलं, एक ते पाच यातला कुठलाही आकडा नशिबानं जुळू शकतो. यावेळी त्यांना नशीब नको होतं. त्यांनी बोटं मिटली आणि नुसती मूठ वर केली.

"किती?"

गवंडी बघत राहिला. आख्खा वॉर्ड बघत होता. मास्तरांना चष्म्याशिवाय मूठ काही दिसली नाही. त्यांना राहवेना. तोंडावर हात धरून ते कुजबुजले, "तीन म्हण रे! तीन!"

"नाही मास्तर," गवंडी म्हणाला. "एकही नाही. मूठ आहे." मग त्यानं मान किंचित तिरकी केली, भिंतीकडं बघताना करत असेल तशी. "आणि ओळंब्यात नाही ताई. हलतेय."

खरंच हलत होती. ताईंना ती खाली घेता येईना. शेवटी मास्तरांनीच टाळी वाजवली आणि मग सगळ्या वॉर्डानं. कागदावरच्या रकान्यात आकडा लिहायचा असतो. ताईंनी लिहिलं, "मूठ." डॉक्टरीणबाईंनी खाली सही केली.

चारला बायको दारात आली. "किती?"

"एकही नाही," गवंडी म्हणाला. तिचा चेहरा उतरायच्या आत तो पुढं म्हणाला, "ये ना आत. नवी घेतलीस का पिशवी? निळी?"

ती जागीच थांबली. तिनं हातातल्या पिशवीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं, मग ट्रॉलीशी उभ्या असलेल्या ताईंकडं. ताईंनी मान हलवली. मग ती पलंगाशी आली आणि तिनं पिशवी खाली ठेवली.